सदतीस नंबरची कॅसेट

पॅरिस, ४ मार्च २०१३

प्रिय मामा,

तुमचं खोकं शुक्रवारी ग्रंथालयात पोहोचलं. मुलाखतींच्या एकसष्ट कॅसेट मोजून घेतल्या. दोन कॅसेटना बुरशी आहे, एकीची फीत तुटली आहे; तिन्ही दुरुस्त होतील. कॅसेटांच्या मधे तुम्ही जुने मोजे कोंबले होते. ते आईकडे दिले. ती म्हणाली, "चीनवर सात पुस्तकं लिहिली, पण मोज्यांची जोडी लावता येत नाही."

कामाची पद्धत अशी. तुमच्या यादीवरून चिनी जाणणारा सहकारी मला क्षण सांगतो. तिथलं माणसाचं किंवा गावाचं नाव मी कापते आणि तेवढ्याच लांबीची शांतता ठेवते. मला भाषा येत नाही, त्यामुळे मी काय कापते हे मला कळत नाही. या कामासाठी ते बरंच आहे.

सप्टेंबरपासून या मुलाखती सर्वांसाठी खुल्या होतील. सोबत संमतीपत्र आहे. कोणत्या कॅसेटवर काय प्रक्रिया करणार, ते पान नऊवर कॅसेटवार लिहिलं आहे. ते पान वाचूनच सही करा. छपाई बारीक आहे, त्याला माझा इलाज नाही.

सोलेन

दुआर्नेने, १२ मार्च २०१३

सोलेन पोरी,

संमतीपत्र सही करून पाठवतोय. पान नऊ वाचलं. सगळं उत्तम आहे. आमच्या मासेमाऱ्यांच्या घराण्यात तुझ्यासारखी काटेकोर मुलगी कुठून आली, हे तुझ्या आईला एकदा विचारलं पाहिजे.

सदतीस नंबर जपून हाताळ. त्या माणसाचं नाव पत्रात लिहीत नाही, तूही फोनवर घेऊ नकोस. मी त्यांना 'नववे' म्हणतो. त्या तालुक्याचा पक्षसचिव दर नववर्षाआधी निवृत्त कारभाऱ्यांच्या घरी पीठ आणि तेल घेऊन जातो. मग भेट दिलेल्या बारा जणांची नावं तालुक्याच्या संकेतस्थळावर छापली जातात. माझा मित्र त्यात कायम नववा. आम्ही एकमेकांना कधी पत्र लिहिलं नाही. ती यादी म्हणजेच त्याचं पत्र. नववं नाव दिसलं की मी इथे सफरचंदाच्या दारूची एक बाटली उघडतो आणि शेजारची इव्होन विचारते, "प्रोफेसर, आज कुणाचा वाढदिवस?"

हसू नकोस. आमचा धंदाच हा. कोण कितव्या जागी उभा, कोण फोटोत नाही, कुणाचं नाव अचानक खाली सरकलं, यावर मी चाळीस वर्षं भाकरी खाल्ली. सुरुवात मात्र फार वाईट झाली होती. चौऱ्याहत्तर साली आम्हा तीस तरुणांना चिनी सरकारने तीन आठवडे तिकडे फिरवलं. जे दाखवलं ते मी पाहिलं आणि परत येऊन पहिलं पुस्तक लिहिलं. त्यात एकही वाक्य खरं नव्हतं, आणि प्रत्येक वाक्यावर माझा विश्वास होता. बारा वर्षांनी नववे माझ्यासमोर बसले, तेव्हा मला पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगितलं. पुढची सगळी पुस्तकं त्या दुपारच्या जोरावर उभी आहेत.

तुझा,
आर्मेल मामा

पॅरिस, २० ऑक्टोबर २०१३

प्रिय मामा,

उन्हाळ्यात तुमची तीन पत्रं आली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही. काम होतं. सध्या तुम्ही जाड पेनाने लिहिता आणि एका पानावर जेमतेम सहा ओळी बसतात, त्यामुळे पाकिटं मात्र भारदस्त वाटतात.

मुलाखती २ सप्टेंबरला खुल्या झाल्या. तुमचा जुना विद्यार्थी बास्तियाँ रूमेगास याने सदतीस नंबरवर लेख लिहिला आणि एका सभेत त्यातली तीन मिनिटं ऐकवली. सभेनंतर तो मला म्हणाला, "तीस वर्षांपूर्वीची कॅसेट आणि माणूस जणू कानाशी बोलतोय! तुम्ही काय जादू केलीत?" कुणीतरी त्या तीन मिनिटांखाली चिनी अक्षरं घालून ती पुढे पाठवली आहेत. आता ती बऱ्याच ठिकाणी फिरत आहेत.

जादू नव्हती. मागे कुठलातरी ऑपेरा इतका मोठ्याने चालू होता की शब्द कळत नव्हते. त्याच ऑपेराची तबकडी आमच्या संग्रहात सापडली. तिचा वेग कॅसेटशी जुळवला आणि तो आवाज मुलाखतीतून वजा केला. अकरा दिवस लागले. मी माझ्या कामाबद्दल सहसा बोलत नाही, पण हे चांगलं झालं आहे. तुम्ही ऐकलंत का?

सोलेन

दुआर्नेने, २४ ऑक्टोबर २०१३

सोलेन,

ते आजच्या आज काढून टाक. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी. मग पुढचं वाच.

तो रेडिओ नवव्यांनी लावला होता. खिडकीत ठेवला होता, भिंतीपलीकडे शेजारी राहायचे. मी प्रश्न विचारला की ते आधी अंगठ्याने आवाज वाढवायचे आणि मग माझ्या कानाकडे वाकून बोलायचे. त्या ऑपेराच्या आडोशाला ते बोलले. नाहीतर बोललेच नसते.

अडुसष्ट साली त्यांच्या गावच्या पुलावरून एकवीस माणसांना नदीत ढकललं. हुकमाची चिठ्ठी कुणी लिहिली, ते नवव्यांनी सांगितलं आहे. चिठ्ठी पुलापर्यंत त्यांनीच नेऊन दिली होती. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे कारकून होते, आत काय लिहिलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याचा मुलगा आज तिथला पक्षसचिव आहे. दर वर्षी पीठ-तेल घेऊन त्यांच्या दारात उभा राहतो तो हाच.

तू नावं कापलीस, बरोबर कापलीस. पण पुढे वीस वर्षं नववे तालुक्याच्या भोंग्यांवरून रोज सकाळी सूचना वाचायचे. तो आवाज तिथल्या पोराबाळांना पाठ आहे. नावाची गरजच नाही.

आता माझं. पान नऊ मी वाचलं नाही. वाचता येत नाही. दीड वर्षापासून दोन्ही डोळ्यांच्या मधोमध राखाडी डाग आहे. जिकडे बघावं तेच दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. एका यंत्राखाली कागद धरला की एकेक अक्षर मोठं होऊन समोर येतं, पण तुझी चौदा पानं पाहून मला कंटाळा आला. मनात म्हटलं, सोलेन आहे, ती कधी चुकत नाही. कुणाला सांगितलं नाही, कारण आंधळा चीनतज्ज्ञ म्हटलं की बास्तियाँसारखे लोक हळू आवाजात बोलायला लागतात.

दोष तुझा नाही. हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

आर्मेल

पॅरिस, २९ ऑक्टोबर २०१३

प्रिय मामा,

२६ तारखेला सकाळी ९.१० वाजता पत्र मिळालं. ९.२५ ला फाइल काढली. तोपर्यंत ती ४१२ वेळा उतरवून घेतली गेली होती. बाहेर किती प्रती आहेत, हे कळण्याचा मार्ग नाही. चिनी अक्षरं घातलेला तुकडा मी आज सकाळी सात ठिकाणी पाहिला. काल चार ठिकाणी होता.

दोषाबद्दल: पान नऊवर मी "पार्श्वभूमीचा आवाज" असं लिहिलं होतं. एवढा मोठा आवाज तिथे का आहे, हे मी तुम्हाला विचारलं नाही. टेप करणारा माणूस रेडिओ बंद करायला उठत नाही, हे मला विचित्र वाटलं होतं. मला वाटलं, तुम्हाला यंत्रातलं कळत नाही. हे लिहून ठेवते.

करता येण्यासारख्या गोष्टी मला चार दिसतात. परराष्ट्र खात्याला कळवणं. वर्तमानपत्राला सांगणं. अशा माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे जाणं. बास्तियाँमार्फत तिथल्या कुणाला तरी विचारणं. यातली कुठली करायची ते कळवा. मी लगेच करीन.

सोलेन

दुआर्नेने, ४ नोव्हेंबर २०१३

सोलेन,

चारांपैकी एकही नको.

आत्ता त्या गावात लोक म्हणत असतील, आवाज त्यांच्यासारखा वाटतो. म्हातारे म्हणत असतील, छे, एकासारखा दुसऱ्याचा आवाज असतोच. आपण ज्या क्षणी पॅरिसमधून ओरडू की या माणसाला हात लावू नका, त्या क्षणी तो माणूस कोण ते ठरेल. विचारपूस केली तरी तेच. मी हे दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. सत्त्याऐंशी साली अटकेतल्या एका चिनी मित्रासाठी मी स्वतः सह्या गोळा केल्या होत्या. त्याला आधी एक वर्ष मिळणार होतं, सह्यांनंतर सहा मिळाली.

दहा दिवस बंदरावर फेऱ्या मारतोय. इव्होन म्हणते, "प्रोफेसर, पाण्यात बघून भरती लवकर येत नाही." तिला काय सांगू?

एकच गोष्ट उरते. ती मुलाखत खोटी आहे असं मीच म्हणायचं. सदतीस नंबरची कॅसेट मी पॅरिसमध्ये केली, माझी टिपणं एका चिनी खानावळवाल्याला वाचायला दिली आणि खरं वाटावं म्हणून मागे ऑपेरा लावला. खानावळवाला वारला. असा आवाज असलेला माणूस त्या तालुक्यात नव्हताच.

माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तज्ज्ञाचा दाखला लागेल. ज्या बाईने ऑपेरा वेगळा काढला तिनेच लिहून द्यायला हवं की तो नंतर मिसळलेला होता.

तुला हे मागतोय याची मला लाज वाटते. म्हणून पत्र छोटं ठेवतोय.

आर्मेल

पॅरिस, ११ नोव्हेंबर २०१३

प्रिय मामा,

नाही.

कारणं देते. ऑपेरा नंतर मिसळलेला नाही. दोन्ही आवाज एकाच खोलीत, एकाच वेळी टेप झाले आहेत. रेडिओच्या बटणाचा आवाज अठ्ठेचाळीस वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी त्यानंतरच ते बोलतात. किटलीचं झाकण वाजतं तेव्हा ते क्षणभर थांबतात. कोणताही जाणकार मूळ कॅसेट ऐकून दहा मिनिटांत हे सांगेल.

मी आजवर कुठल्याही अहवालात मला माहीत असलेल्याच्या उलट लिहिलेलं नाही. याचा मला अभिमान आहे असं नाही. मला दुसरं काही येत नाही.

शिवाय तुमच्या उरलेल्या साठ कॅसेट खऱ्या आहेत. एक खोटी ठरली की सगळ्या खोट्या ठरतील. सात पुस्तकं जातील. तुम्ही हा हिशेब केला असेलच, पण पत्रात तो दिसला नाही, म्हणून विचारते.

शनिवारी येते.

सोलेन

पॅरिस, १८ नोव्हेंबर २०१३

प्रिय मामा,

काल संध्याकाळी घरी पोहोचले. तुमच्या स्वयंपाकघरात जे बोलणं झालं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे आपल्यापैकी कुणी वेगळं आठवायला नको.

इव्होनताईंनी काळ्या पिठाची घावनं केली होती. त्या तुम्हाला म्हणाल्या, "भाची आली की शहाण्यासारखे जेवता. एरवी माझं घावन मांजराला."

तुम्ही म्हणालात, "मांजराने तक्रार केली का?"

"मांजर सभ्य आहे. ते प्रोफेसर नाही."

त्या गेल्यावर मी विचारलं, खोटं बोलून उपयोग होईल याची शक्यता किती? तुम्ही म्हणालात, "सोलेन, मला आकडा विचारू नकोस. कदाचित शून्य असेल. त्यांनी ठरवलं असेल तर माझ्या कबुलीने काय होणार? पण त्या सचिवाला गप्प बसायचं असेल, तर त्याला एखादं कारण लागेल. वरच्यांनी विचारलं तर दाखवायला एक कागद. मी त्याला तो कागद देतोय. तो घेईल की नाही, ते आपल्या हातात नाही."

मी म्हणाले, "तुमचं आयुष्य जाईल."

तुम्ही म्हणालात, "पहिल्या पुस्तकात मी खोट्याला खरं म्हटलं आणि त्यावर नोकरी मिळवली. आता खऱ्याला खोटं म्हणून ती परत करतो." मग तुम्ही मला ताट बाजूला सरकवायला सांगितलंत, कारण ते नेमकं तुमच्या नजरेसमोर होतं आणि तुम्हाला दिसत नव्हतं.

सोबत माझा दाखला आहे. एक पान, सहा मुद्दे, खाली सही. पाचव्या मुद्द्यात बटणाच्या आवाजाबद्दल लिहिलं आहे की तो मिसळणाऱ्या यंत्राचा आहे. तिथे मला सर्वांत जास्त वेळ लागला. ज्याला तपासायचंच आहे त्याला तो पकडता येईल. कुणी तपासू नये, एवढीच आशा.

सोलेन

दुआर्नेने, ९ जानेवारी २०१४

सोलेन पोरी,

माझी कबुली आणि तुझा दाखला छापून आले. कुणी तपासलं नाही. लोकांना माझ्याबद्दल वाईट ऐकायला किती थोडा पुरावा पुरतो, हे पाहून मजा वाटली असती, जर त्यातले निम्मे मीच शिकवलेले नसते.

बास्तियाँचा फोन आला. आधी ओरडला, मग रडला. "मी माझा सगळा प्रबंध सदतीस नंबरवर उभा केला, सर! तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं!" मी म्हटलं, "माझी चूक झाली." दुसरं काय म्हणणार? त्याला खरं सांगितलं तर तो उद्या माझा बचाव करायला उभा राहील. चांगला मुलगा आहे, तीच भीती आहे.

प्रकाशकाने तीन पुस्तकं मागे घेतली. विद्यापीठातल्या एका खोलीला माझं नाव होतं, ते काढलं. दोन चिनी वर्तमानपत्रांनी बातमी दिली की फ्रेंच विद्वानाची बनवेगिरी उघड. ती बातमी कळल्यावर मी इव्होनला सफरचंदाची दारू आणायला सांगितलं. ती म्हणाली, "अख्खी गल्ली तुम्हाला लबाड म्हणतेय आणि तुम्ही पिताय?" मग पेला भरून देत म्हणाली, "लबाड असाल तर असा. मला माणसं कळतात, चीन कळत नाही." तिला वाटतं मी खरंच केलं. तरी रोज घावन आणते.

आता तुझ्याकडे एक काम. यंदा त्यांचं नववर्ष एकतीस जानेवारीला आहे. त्याआधीच्या आठवड्यात यादी येईल. पडद्यावर मला काही दिसत नाही, आणि चिनी जाणणाऱ्या कुणाला विचारायचं नाही. मागच्या पानावर संकेतस्थळाचा पत्ता आहे आणि त्याखाली मी नवव्यांच्या नावाची तीन अक्षरं काढली आहेत, एकेक तळहाताएवढं. पहिल्यात वर आडवी रेघ आणि खाली दोन पाय आहेत. दुसऱ्याला डोक्यावर छप्पर आहे. तिसरं सोपं आहे, तुला जमेल. अर्थ समजायची गरज नाही. आकार जुळव. पाहून झालं की ते पान जाळून टाक.

नववी जागा. नसतील तर दहावी, अकरावी, बारावीही बघ. खाली सरकले तरी चालतील.

आर्मेल मामा

पॅरिस, ३० जानेवारी २०१४

प्रिय मामा,

यादी काल आली. २२ तारखेपासून रोज दोनदा पाहत होते.

मागच्या सहा वर्षांच्या याद्या मी आधी छापून घेतल्या होत्या. सहाही याद्यांत बारा नावं आहेत आणि नवव्या जागी तुम्ही काढलेली तीन अक्षरं आहेत. रेघा मोजून जुळवल्या. त्यात शंका नाही.

यंदाच्या यादीत आठ नावं आहेत. ती आठ नावं, त्याच क्रमाने, मागच्या वर्षीचीच आहेत. आठव्या नावानंतर एक चिन्ह आहे जे आधीच्या कुठल्याही यादीत नाही. त्यानंतर वाक्य संपतं. त्या एका चिन्हापुरती मी तुमची आज्ञा मोडली: कोशात शोधलं. त्याचा अर्थ "इत्यादी" असा दिला आहे.

म्हणजे नववे, दहावे, अकरावे आणि बारावे, चौघेही त्या "इत्यादी"त आहेत. किंवा तिघे आहेत. तुम्ही चाळीस वर्षं याद्या वाचल्या आहेत. यादीतून नाव गाळलं तर काय समजायचं, हे तुम्हाला माहीत आहे. नावं गाळताना जागा कमी होती म्हणून गाळली, की एकाला गाळायचं होतं म्हणून चौघांना गाळलं, हे कशावरून ओळखायचं, ते कळवा. मला ओळखता आलं नाही.

फोटो एकच आहे. पक्षसचिव एका दारात उभा आहे, हातात पिठाचं पोतं. आतून कुणाचे तरी दोन हात ते घ्यायला पुढे आले आहेत. चेहरा दाराआड आहे. हात म्हाताऱ्या माणसाचे आहेत, उजव्या मनगटावर घड्याळ आहे. नववे घड्याळ उजव्या हातात बांधायचे का? तुम्हाला आठवणार नाही, हे मला माहीत आहे. तरी विचारते.

अक्षरांचं पान आज सकाळी बेसिनमध्ये जाळलं.

ग्रंथालयाने तुमच्या एकसष्ट कॅसेट परत केल्या. बनावट वस्तू ते जपत नाहीत. खोकं माझ्याकडे आहे. रविवारी मूळ सदतीस नंबर लावली, काहीही न काढता. ऑपेराच्या आवाजात एकही शब्द वेगळा ऐकू येत नाही. बटण वाजतं, तेवढं कळतं. अगदी शेवटी तुम्ही काहीतरी विचारता. लहान प्रश्न आहे. बटण वाजतं, आवाज पूर्ण वाढतो आणि मग फीत संपेपर्यंत फक्त गाणं आहे. हे गाणं त्या तबकडीवर नव्हतं, म्हणून हा तुकडा मी साफ केला नव्हता. या वेळी ते बोलले की नाही, हे दुसरी तबकडी मिळवून मला आता शोधून काढता येईल. अकरा दिवस लागतील. मी ते करणार नाही.

पुढच्या वर्षी त्यांचं नववर्ष १९ फेब्रुवारीला आहे. ९ तारखेपासून बघायला सुरुवात करीन. तीन अक्षरं मला आता पाठ आहेत.

सोलेन